बारीक माणसाची साखर आणि आजींचा पाट

२००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा एकत्र काढलेला फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन एस. युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा: २२.३. बघणाऱ्याला दोघेही सडसडीत. पण यंत्राने शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांची २१.२. सोबतच्या मजकुरात लेखकांनी स्वतःचीच थट्टा करून घेतली होती. युडकिन मॅरेथॉन पळतात, आणि याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत ती धावत गाठणं!

थट्टा सोडली तर हा मुद्दा आपल्या घराघरातला आहे. “कधी अंगावर मांस चढलं नाही हो, तरी शुगर निघाली,” हे आपण किती जणांकडून ऐकतो. वजन सारखं आणि चरबी दुपटीहून जास्त, तर मग कमी काय आहे? हाडांत एवढा फरक पडत नाही. कमी असतात ते स्नायू. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या नवजात बाळांची मापं घेऊन ती इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. तिकडच्या बाळांचं सरासरी वजन साधारण साडेतीन किलो, इकडच्यांचं २.७ किलोच्या आसपास. ही बाळं सगळ्या बाजूंनी लहान होती, पण सारख्या प्रमाणात नव्हे. स्नायू आणि पोटातले अवयव बरेच लहान, त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून राहिलेली. म्हणजे आपल्यापैकी अनेकांची गाडी जन्मापासूनच स्नायूंच्या बाबतीत थोडी मागे असते.

म्हणूनच आशियाई लोकांसाठी बीएमआयची धोक्याची रेघ २५ ऐवजी २३ वर धरतात. पोटाचा घेर पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असं सांगतात. तो मोजायचा शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून. पँटच्या नंबरावर जाऊ नये. पोट सुटलं की पुरुष पट्टा पोटाखाली सरकवतात, आणि ३४ नंबर कॉलेजपासून बदलला नाही म्हणून खुशीत राहतात.

स्नायूंचा आणि साखरेचा संबंध काय, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. निरोगी माणसाच्या अख्ख्या रक्तात एका वेळी जेमतेम चार-पाच ग्रॅम साखर असते. चहाचा एक चमचा. आणि आपण जेवणात दोन वाट्या भात घेतो तेव्हा त्यातून पन्नास-साठ ग्रॅमच्या पुढे पिष्टमय पदार्थ पोटात जातात, त्यांची पचून साखरच होते. ही एवढी साखर दोन-तीन तासांत रक्तातून बाहेर निघून कुठेतरी गेली पाहिजे. थोडी यकृतात जाते, मेंदू आपला वाटा घेतो, पण सगळ्यात मोठी जागा असते ती स्नायूंत. तिथे ती ग्लायकोजेनच्या रूपाने साठते. प्रौढ माणसाच्या स्नायूंत असा साधारण ४०० ग्रॅम साठा मावतो, यकृतात १०० ग्रॅमच्या आसपास. स्नायू कमी तर जागा कमी. आणि स्नायू दिवसभर वापरलेच नाहीत तर आधीचा साठा तसाच भरलेला, नव्या साखरेला आत यायला वाव नाही.

साखर स्नायूपेशीत शिरायला ग्लुट-४ नावाची प्रथिनं लागतात. एरवी ती पेशीच्या आत पडून असतात. इन्सुलिनचा निरोप आला की ती पेशीच्या कडेला येतात आणि साखर आत घेतात. मधुमेहाच्या आधीची कित्येक वर्षं बिघाड होत असतो तो इथेच: इन्सुलिन भरपूर, पण पेशी त्याचं ऐकेनाशी होते. मात्र स्नायू आकुंचन पावला की हीच प्रथिनं इन्सुलिनची वाट न बघता कडेला येतात. चालताना पोटरी आणि मांडी साखर ओढून घेतात ती या दुसऱ्या वाटेने, आणि ही वाट मधुमेह झालेल्या माणसातही बऱ्यापैकी शाबूत असते. शिवाय व्यायाम थांबल्यावरही पुढचे काही तास, कधी दीड-दोन दिवस, स्नायू इन्सुलिनचं जास्त ऐकतात. म्हणून रविवारी एकदम दोन तास टेकडी चढण्यापेक्षा दिवसाआड थोडं थोडं केलेलं जास्त उपयोगी पडतं. टेकडीला विरोध नाही, नंतरच्या मिसळीबद्दल मात्र बोलता येईल.

जेवणानंतरची शतपावली हा आपल्याकडचा जुना रिवाज इथे अगदी चपखल बसतो. २०१३ साली अमेरिकेत साठीच्या पुढच्या दहा जणांवर एक छोटा प्रयोग झाला. सकाळी एकदम ४५ मिनिटं चालणं आणि तिन्ही जेवणांनंतर १५-१५ मिनिटं चालणं, या दोन्हींनी दिवसभराची साखर सारखीच सुधारली. पण रात्रीच्या जेवणानंतर जी साखर वर जाते, ती आटोक्यात आणण्यात जेवणानंतरचं चालणं सरस ठरलं. माणसं दहाच होती, त्यामुळे एकट्या या प्रयोगावर फार भार टाकू नये, पण त्यामागची यंत्रणा वर सांगितली तीच आहे. जेवणानंतर साखर साधारण तासाभरात शिखर गाठते, ती चढत असतानाच पाय हलले पाहिजेत. भरल्या पोटी धावायचं नाही, जोर काढायचे नाहीत. गप्पा मारत सोसायटीला फेऱ्या घालायच्या. टीव्हीवरची मालिका तेवढ्यात फार पुढे सरकत नाही.

चालण्याचा विषय निघाला की दहा हजार पावलं येतातच. हा आकडा कुठल्या प्रयोगशाळेतून आलेला नाही. टोकियो ऑलिंपिकच्या पुढच्या वर्षी, १९६५ मध्ये, एका जपानी कंपनीने ‘मानपोकेई’ म्हणजे ‘दहा हजार पावलं मोजणारं’ या नावाचं यंत्र बाजारात आणलं आणि आकडा जगभर चिकटला. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सोळा हजारांहून जास्त वयस्क स्त्रियांची (सरासरी वय ७२) पावलं मोजली गेली. रोज २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये पुढच्या चार-एक वर्षांतले मृत्यू ४१ टक्के कमी दिसले. ७,५०० च्या पुढे फायदा फारसा वाढला नाही. आधीच आजारी माणूस कमी चालतो, हेही अशा आकड्यांत थोडं मिसळलेलं असतंच. तरी ज्यांचं घड्याळ संध्याकाळी ३,००० दाखवतं त्यांनी हताश व्हायचं कारण नाही. त्यांनी वाढवलेलं प्रत्येक हजार सगळ्यात किमती आहे.

कारण आधी का परिणाम आधी, हा पेच व्यायामाच्या शास्त्राच्या जन्मापासूनचा. १९५३ साली ब्रिटिश डॉक्टर जेरी मॉरिस यांनी लंडनच्या बसमधल्या माणसांचा अभ्यास मांडला. ड्रायव्हर दिवसभर बसलेला, कंडक्टर दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढणारा. डबलडेकरमध्ये कंडक्टरची काय धावपळ होते हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको. कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी निघाला, आणि झालाच तर उशिरा आणि सौम्य. पण मॉरिस तिथेच थांबले नाहीत. बसवाल्यांना मिळणाऱ्या गणवेशाच्या पँटची मापं त्यांनी तपासली. ड्रायव्हरांच्या कमरेचा घेर आधीपासूनच मोठा होता, तरुण ड्रायव्हरांचाही! म्हणजे फरक सगळा नोकरीने पाडलेला नव्हता. हे स्वतःच्याच निष्कर्षाविरुद्ध जाणारं निरीक्षण त्यांनी १९५६ मध्ये रीतसर छापलं. मॉरिस पुढे ९९ वर्षं जगले, व्यायाम करत.

इथपर्यंत चालण्याचं झालं. पण चालण्याने एक गोष्ट होत नाही, आणि आपल्याकडच्या आरोग्य-सल्ल्यात नेमकी तीच राहून जाते. चालण्याने ताकद फारशी वाढत नाही.

तिशीनंतर स्नायू दर दहा वर्षांनी साधारण तीन ते आठ टक्क्यांनी घटत जातात, साठीनंतर आणखी वेगाने. ताकद त्याहूनही भराभर उतरते. त्यातही आधी जातात ते झटकन काम करणारे तंतू. ओल्या फरशीवर पाय घसरला की क्षणार्धात दुसरा पाय पुढे टाकून तोल सावरायचं काम त्यांचं. म्हणून ज्येष्ठांचं पडणं हे निव्वळ फरशीचं किंवा चपलेचं प्रकरण नसतं.

पाटावरून उठणाऱ्या आजींकडे एकदा बारकाईने बघा. आधी मांडी सोडवायची, एक गुडघा उभा करायचा. मग एक हात जमिनीवर, दुसरा गुडघ्यावर. धड पुढे झुकतं, वजन टाचांवरून चवड्यांवर येतं, कुल्ले उचलले जातात, आणि इथे क्षणभर सगळं अडतं. या क्षणी मांडीचे पुढचे आणि कुल्ल्याचे स्नायू जवळजवळ अख्खं शरीर उचलत असतात. जमलं नाही तर हाक येते, “जरा हात दे गं.” ब्राझीलमधले डॉ. क्लाउदिओ जिल अराउजो यांनी यालाच चाचणीचं रूप दिलं. जमिनीवर बसायला पाच गुण, उठायला पाच. हात, गुडघा, जे काही टेकवाल त्याला एक गुण वजा, तोल गेला तर अर्धा. ५१ ते ८० वयाच्या दोन हजार लोकांवरच्या त्यांच्या अभ्यासात (२०१२) कमी गुण मिळालेल्यांमध्ये पुढच्या काही वर्षांतले मृत्यू बरेच जास्त होते. आपल्याकडे ही परीक्षा रोज दोन वेळा जेवताना व्हायची. आता डायनिंग टेबल आलं, कमोड आला. गुडघे दुखणाऱ्यांना त्याची गरज असतेच, पण तिशी-पस्तिशीतल्या घरातही खाली बसायची वेळ फक्त सत्यनारायणाला येते, आणि तेव्हाही यजमानांसाठी चौरंग शोधतात.

गेलेली ताकद परत येते का? १९९० मध्ये बॉस्टनच्या एका वृद्धनिवासातल्या दहा जणांकडून, सरासरी वय ९०, आठ आठवडे वजनं लावून मांड्यांचा व्यायाम करून घेतला गेला. ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे पावणेतीनपट झाली. दोघांची काठी सुटली. मग चार आठवडे व्यायाम बंद केला तर ताकद ३२ टक्क्यांनी उतरली. नव्वदीतही स्नायू ऐकतो, फक्त उधारी ठेवत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशी यामुळेच दोन भागांत आहेत. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं दम लागेलसा व्यायाम, हा भाग सगळ्यांना पाठ असतो. आठवड्यातून किमान दोन दिवस मोठ्या स्नायूंना ताण देणारा व्यायाम, हा दुसरा भाग मात्र कुणी सांगत नाही. पासष्टीच्या पुढे त्यात तोल सांभाळण्याचा सराव हवा, मुलांना रोज तासभर हालचाल.

जिमची पावती फाडलीच पाहिजे असं नाही. आपल्याकडे तालमीतल्या जोर-बैठका आहेत. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गेल्या शतकात गावोगाव नेलेले सूर्यनमस्कार आहेत. मुलांसाठी मल्लखांबासारखा अंगाचंच वजन उचलायला लावणारा प्रकार आहे. नवख्या माणसाने खुर्चीपासून सुरुवात करावी. न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची, हात छातीवर घ्यायचे, हळू उठायचं आणि त्याहून हळू बसायचं. धप्पकन बसलात तर अर्धा व्यायाम वाया गेला, कारण उतरताना ताणाखाली लांब होतानाही स्नायूला व्यायाम घडतो. दहा वेळा सहज जमायला लागलं की खुर्ची जरा बुटकी घ्या, नाहीतर हातात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या धरा. शेवटच्या दोन-तीन वेळा कष्ट पडले पाहिजेत, नाहीतर स्नायूला वाढायचं कारण मिळत नाही. श्वास कोंडू नका, त्याने रक्तदाब उसळतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतील, जिना उतरताना देव आठवेल. ते लॅक्टिक आम्ल नव्हे, ते तासा-दोन तासांत निघून गेलेलं असतं. तंतूंना पडलेल्या सूक्ष्म ताणाचं ते दुखणं आहे, चार दिवसांत जातं. सांध्यात टोचलं किंवा छातीत भरून आलं तर मात्र थांबून डॉक्टरांना गाठायचं. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सुरू करण्याआधीच विचारून घ्यायचं.

“घरकाम करते की मी दिवसभर,” असं बायका म्हणतात. दमणूक खरी आहे, पण जातं आणि पाटा-वरवंटा गेले, मिक्सर आला. ओट्यापाशी तासन्‌तास उभं राहून पाय दुखतात, त्याने मांड्यांची ताकद वाढत नाही. वजनं उचलून दंड पुरुषी होतील ही भीतीही सोडून द्यावी. त्यासाठी लागणारं टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक बायकांमध्ये खूप कमी असतं.

खाण्याचं थोडक्यात. निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिन लागतं, म्हणजे साठ किलोच्या माणसाला साधारण ५० ग्रॅम. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम तुरीच्या डाळीतून सहा-सात ग्रॅम मिळतात, एका अंड्यातून सहा. पण पातळ वरणाच्या वाटीत डाळ किती असते ते स्वयंपाकघरात विचारा. सकाळी चहा-पोहे, रात्री मऊ भात एवढ्यावर राहणाऱ्या ज्येष्ठांच्या ताटात उसळ, पिठलं, दही, जमत असेल तर अंडी-मासे वाढायला हवेत.

आणि आजारपण. डेंग्यू असो वा ऑपरेशन, घरचे सगळे एकमुखाने सांगतात, “पडून राहा.” २००७ च्या एका अभ्यासात धडधाकट ज्येष्ठांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं, तर पायांतले जवळपास एक किलो स्नायू गेले. आजारी माणसाचे याहून कमी जात नसावेत. त्यामुळे रुग्णालयात भेटायला जाल तेव्हा शहाळ्याबरोबर एक प्रश्नही न्या. फिजिओथेरपिस्ट कधी येणार, आणि पलंगावर पडल्या पडल्या पायांचा कोणता व्यायाम आजपासून चालेल, हे डॉक्टरांना विचारा.