चॅट्सवर्थ: डोंगरउतारावर चालणारी बाग

इंग्लंडमधल्या डर्बीशायरमध्ये, डरवेंट नदीच्या काठी चॅट्सवर्थ हा कॅव्हेंडिश घराण्याचा वाडा आहे. त्याच्या दक्षिणेकडच्या लांबट तळ्यात एक कारंजे उडते. बांधले तेव्हा त्याची धार 90 मीटरपर्यंत गेल्याची नोंद आहे. या कारंज्याला पंप नाही. सगळे काम वाड्यामागचा डोंगर करतो, आणि या जागेचा इतिहास त्या उताराकडे पाहिले की चांगला उलगडतो.

पहिले घर 1552 मध्ये बांधायला घेतले. ते जवळजवळ सगळे गेले. त्या काळातला शिकारीचा मनोरा तेवढा वर झाडीत उभा आहे. आजचा वाडा 1687 ते 1707 मधला. आधी फक्त दक्षिणेची बाजू नवी करायची होती, पण वास्तुकार विल्यम टॅलमनचे काम आवडले आणि एकामागून एक चारही बाजू बदलल्या. उत्तरेचा लांब भाग एकोणिसाव्या शतकात जेफ्री वायटव्हिलने जोडला.

उताराचा पहिला मोठा उपयोग 1696 मधला. फ्रेंच अभियंता ग्रिये याने दगडी पायऱ्यांवरून उतरणारा धबधबा बांधला आणि काही वर्षांतच तो वाढवला. त्यात पायऱ्यांचे 24 गट आहेत. प्रत्येक गटातली पायऱ्यांची संख्या आणि रुंदी वेगळी, म्हणून उतरत जाताना पाण्याचा आवाज बदलत जातो. अशा बांधकामाचा शत्रू म्हणजे सांधे. दगडांमधला चुना झिजला की पाणी खाली मुरते, भराव धुपतो, दगड खचतो आणि फट आणखी रुंदावते. गळती वाढल्यामुळे अलीकडे हा धबधबा बंद ठेवावा लागला. 1760 च्या दशकात बागरचनाकार कॅपॅबिलिटी ब्राउनने बरीचशी आखीव बाग मोडून तिथे हिरवळ केली, तरी धबधबा वाचला. ही गोष्ट महत्त्वाची, कारण तेव्हा सरळ रेषेतले पाणी जुनाट मानले जात होते.

कारंजे इथला मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन याचे. 1844 मध्ये रशियाचा झार पहिला निकोलस इंग्लंडला येणार, म्हणून काम घाईने, रात्री मशाली लावून पुरे केले. झार चॅट्सवर्थला आलाच नाही, पण कारंज्याला ‘एम्परर’ म्हणजे सम्राट हे नाव चिकटले. पॅक्स्टनने डोंगरावर 8 एकरांचे तळे खणले; सुमारे 1 लाख घनयार्ड माती निघाली. माळरानावरचे पाणी अडीच मैलांच्या चराने त्यात आणले. तळे वाड्याच्या पातळीहून सुमारे 107 मीटर उंच आहे. पाण्याच्या दर 10 मीटर उंचीला साधारण एक वातावरण दाब धरला, तर खाली साडेदहा वातावरणांचा दाब मिळतो. काहीच वाया गेले नाही, तर तोटीतून पाणी ताशी 165 किलोमीटर वेगाने सुटेल आणि पुन्हा तळ्याच्या पातळीपर्यंत चढेल. प्रत्यक्षात नळातले घर्षण, हवेचा अडथळा आणि वर चढणाऱ्या धारेवर परत पडणारे पाणी यांत काही मीटर जातातच.

घर्षण कमी ठेवण्यासाठी नळ 15 इंच व्यासाचा, बिडाचा घेतला. पाणी तेवढेच ठेवून व्यास निम्मा केला, तर घर्षणातले नुकसान सुमारे 32 पट होते. म्हणून नळ रुंद आणि तोटी अरुंद: नळात पाणी सावकाश चालते, वेग फक्त शेवटी येतो.

खरी जोखीम व्हॉल्व्हपाशी आहे. नळ सुमारे 800 मीटर लांब, आणि त्यातले सगळे पाणी एकसंध सरकत असते. बिडाच्या नळात दाबाची लाट सेकंदाला साधारण 1200 मीटर धावते. पाण्याचा वेग सेकंदाला अवघ्या 1 मीटरने एकदम रोखला, तरी दाबात सुमारे 12 वातावरणांची भर पडते, म्हणजे एकूण दाब आधीच्या दुपटीहून जास्त होतो. यालाच प्लंबर वॉटर हॅमर म्हणतात. त्यात सांधे उखडतात आणि ठिसूळ बीड तडकते. पॅक्स्टनचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडायला 5 मिनिटे लागतात ती यासाठीच. 1893 मध्ये बागेच्या पाण्याच्या याच दाबावर टर्बाइन बसवून वाड्यात वीज आणली.

कारंज्याआधी पॅक्स्टनने इथे काचगृहांवर अनेक प्रयोग केले होते. त्याने छप्पर सपाट न ठेवता घड्यांचे केले, एक आढे नि एक पन्हळ असे. सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन काचेवर जवळजवळ सरळ पडते, दुपारचे मात्र तिरपे पडून झाडे करपत नाहीत. वाशातच खाच पाडून पावसाचे पाणी आणि काचेवर आतून साचणारा दव, दोन्ही वाहून नेले. याच हातखंड्यातून पुढे 1851 चा लंडनमधला क्रिस्टल पॅलेस, म्हणजे काचेचे भव्य प्रदर्शनगृह, उभा राहिला. चॅट्सवर्थच्या काचगृहात 1830 च्या दशकात पॅक्स्टनने फळवलेल्या बुटक्या केळीला कॅव्हेंडिश हे घराण्याचे नाव मिळाले. जळगाव-रावेरकडची बसराई आणि ग्रँड नैन याच गटातल्या.

सगळ्यात मोठे काचगृह 84 मीटर लांब, 37 मीटर रुंद आणि 20 मीटर उंच होते. त्याला 8 बॉयलर आणि 7 मैल नळ ऊब देत. कोळसा भुयारी रुळांवरून येई, धूर जमिनीखालून वर जंगलातल्या चिमणीत जाई. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना, आतली झाडे मेली, आणि 1920 मध्ये ते सुरुंगांनी पाडायचे ठरले. पहिल्या स्फोटांना ते दाद देत नव्हते. त्याच्या दगडी चौथऱ्यात 1962 मध्ये कुंपणझाडांचा भूलभुलैया लावला.