क्रशरची धूळ सोसणाऱ्या गावाने खनिज निधी कसा मागायचा

मराठवाड्यात कोळसा नाही, पण खडी क्रशर रस्तोरस्ती आहेत. बोंडं फुटण्याच्या दिवसांत क्रशरजवळच्या रानातला कापूस राखाडी दिसतो आणि हायवा ट्रकमुळे शाळेचा रस्ता उखडतो. या दगड-मुरुमावर खाणपट्टेधारक सरकारला स्वामित्वधन, म्हणजे आपल्या बोलीतली रॉयल्टी, भरतो. त्याशिवाय अशा गौण (दगड-मुरुमासारख्या) खनिजाच्या रॉयल्टीच्या १० टक्के रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानात, म्हणजे खाणबाधित भागासाठीच्या जिल्ह्याच्या न्यासात, जमा होते; हाच खनिज निधी. लाखाची रॉयल्टी भरली, तर १० हजार. खाण-खनिज कायद्यातल्या २०१५ च्या दुरुस्तीने देशभर खाणबाधित जिल्ह्यांत ही प्रतिष्ठानं आली.

पात्र कोण? जानेवारी २०२४ च्या केंद्रीय सूचनांनुसार खाणीपासून १५ किलोमीटरपर्यंतचा भाग प्रत्यक्ष बाधित आणि २५ किलोमीटरपर्यंतचा अप्रत्यक्ष बाधित. किमान ७० टक्के निधी पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण, महिला-बालकल्याण अशा कामांवर खर्चायचा असतो. रस्ते, सिंचन वगैरे उरलेल्यात. पिकावर धूळ बसली म्हणून मिळणारी ही भरपाई नव्हे, हा गैरसमज आधी काढून टाका.

निधीच्या मागणीचा सगळा जीव ग्रामसभेच्या ठरावात आहे. एका गावाचा ठराव मी पाहिला: ‘गावाचा विकास व्हावा.’ एवढंच! त्यावर कोण काय मंजूर करणार? खाणीचा गट नंबर, गावापासूनचं अंतर, त्रास कोणता आणि काम कोणतं, हे लिहा. उदाहरणार्थ, ‘गट नं. अमुकमधल्या खाणीची धूळ शाळेत येते. वर्गखोल्यांना खिडक्या-दारं आणि मुलांसाठी शुद्ध पाण्याची सोय करावी.’ सूचक, अनुमोदक आणि हजर लोकांच्या सह्या हव्यातच.

ठरावासोबत शाखा अभियंत्याकडून घेतलेलं अंदाजपत्रक, जागेचा सातबारा किंवा नमुना ८ चा उतारा, फोटो आणि हेच काम दुसऱ्या योजनेतून मंजूर नसल्याचा ग्रामपंचायत अधिकाऱ्याचा (पूर्वीचा ग्रामसेवक) दाखला जोडा. शेवटच्या कागदावाचून फाईल परत येते, तेव्हा तो आधीच घ्या.

प्रस्ताव जिल्हाधिकारी कार्यालयातल्या खनिकर्म शाखेत द्या आणि पोच घ्या. प्रतिष्ठानाचा वार्षिक आराखडा ठरण्याआधी दिलेला बरा, नाहीतर वर्षभर थांबावं लागतं. आपल्या जिल्ह्यात किती जमा झाले, कुठे गेले, हे प्रतिष्ठानाच्या वार्षिक अहवालात असतं. अहवाल दिसत नसेल, तर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात मागा.