चेस्टनट भाजायचे, पण कोणते?

दिवाळीच्या सुट्टीत इंदूरची मराठी कुटुंबं नैनितालला जातात, शिमल्याला जातात. येताना कुणाच्या तरी पिशवीत झाडाखाली वेचलेल्या तपकिरी, तुकतुकीत बिया असतात. नाहीतर जर्मनीत नोकरीला असलेला मुलगा घेऊन येतो. ‘चेस्टनट आहेत, भाजून खायचे,’ एवढंच आणणारा सांगतो. पण या नावाखाली दोन अगदी वेगळ्या झाडांच्या बिया उचलल्या जातात. गोड चेस्टनट खायचा असतो, हॉर्स चेस्टनट नाही. दोघांचं कूळही एक नाही. पहिला ओकच्या कुळातला, दुसरा रिठ्याच्या. रिठ्याला फेस आणणारी सॅपोनिनं हॉर्स चेस्टनटमध्येही असतात, आणि ती पोटात गेली की उलट्या, जुलाब, पोटात कळा.

झाडाखाली उभे असाल तर ओळख सोपी आहे. गोड चेस्टनटचं पान सुटं, लांबट, कडेला दातेरी. हॉर्स चेस्टनटच्या एका देठाच्या टोकाला पाच-सात पानं एकत्र फुटलेली दिसतात. बोंडांतही फरक आहे. गोडाचं बोंड बारीक काट्यांनी इतकं दाट भरलेलं असतं की उघड्या हातानं धरवत नाही, आणि आत बहुधा दोन-तीन बिया. युरोपातल्या हॉर्स चेस्टनटच्या जाड हिरव्या सालीवर आखूड, विरळ काटे असतात. आपल्या हिमालयातल्या जातीच्या सालीवर तर काटेच नसतात.

अडचण अशी की पानं आणि बोंडं तिकडेच राहतात. लोकमान्य नगरच्या घरात पोचते ती नुसती बी. मग तिचं टोक बघायचं. गोड चेस्टनट टोकाला निमुळता असतो आणि तिथे वाळलेला बारीक शेंडा शिल्लक असतो. बोंडात दाटीनं वाढल्यामुळे एखादी बाजू चपटीही असते. हॉर्स चेस्टनट गोलसर, बिनटोकाचा, जास्तच चकचकीत, आणि त्यावर मोठा फिकट डाग. रंगावर किंवा आकारमानावर विसंबू नका. शंका आली तर चाखून बघण्याचा शहाणपणा नको, सरळ टाकून द्या.

‘भाजल्यावर विष जातं’ हेही खरं नाही. हिमालयातल्या काही गावांत हॉर्स चेस्टनट खातात, पण दळून, पुन्हा पुन्हा पाण्यात भिजवून, दर वेळी ते पाणी ओतून देऊन, मग त्याचं पीठ दुसऱ्या पिठात मिसळतात. ते जाणत्या हातांचं काम आहे.

आता भाजणं. घरी असो वा बाहेर, प्रत्येक बीच्या सालीला सुरीनं फुलीसारखी चीर द्यायचीच. नाहीतर आतली वाफ कोंडते आणि बी फटाक्यासारखी फुटते. बाहेर भाजायला दाल-बाफल्यांची पार्टी उत्तम: बाफले काढून झाल्यावर गोवऱ्यांचे जे निखारे उरतात, त्यांची मंद धग पुरते. ज्वाळा नको, साल जळते आणि गर कच्चा राहतो. लोखंडी कढईत सतत हलवत पंधरा-वीस मिनिटं. धुराचा वास लागतो, तीच बाहेर भाजण्याची गंमत. घरी ओव्हनमध्ये 200 अंशांवर वीस ते तीस मिनिटं. ओव्हन नसेल तर जाड कढई, झाकण, मंद आच, मधूनमधून पाण्याचा हबका. चिरेच्या कडा उलगडल्या की झालं. लगेच जाड फडक्यात गुंडाळून पाच-दहा मिनिटं ठेवा आणि गरम असतानाच सोला. गार झाल्यावर आतली तुरट पापुद्र्यासारखी साल निघता निघत नाही. चव रताळ्याच्या जवळची, पण कोरडी. उपवासाला चालतात का, ते सासूबाईंना विचारा.

बदाम-अक्रोडांसारखे हे डब्यात भरून ठेवू नका. ताज्या चेस्टनटमध्ये जवळजवळ निम्मं पाणी असतं आणि तेल अगदी थोडं. त्यामुळे बाहेर ठेवले तर वाळतात नाहीतर बुरशी धरतात. कागदी पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवावेत. भाजण्याआधी पाण्यात टाकले की तरंगणारे बहुधा पोकळ, किडके किंवा वाळलेले निघतात, ते काढून टाकावेत. मात्र या परीक्षेत फक्त ताजेपणा कळतो. ताजा हॉर्स चेस्टनटही तळाशीच जाऊन बसतो, म्हणून टोकं आधी तपासायची, पाणी नंतर.