टॅबमध्ये डेस्कटॉप हवा की नको? घेण्याआधी एवढं वाचा

नमस्कार मंडळी,

"टॅब घेतला तर त्यात कॉम्प्युटरसारखं सगळं करता येतं ना हो?" हा प्रश्न आमच्या नौपाड्याच्या दुकानात रोज कोणीतरी विचारतंच, आणि काउंटरवर उभ्या उभ्या त्याचं नीट उत्तर देता येत नाही, मागे कोणी चार्जर मागत असतं, कोणाची रिक्षा बाहेर थांबलेली असते, मग घाईघाईत हो किंवा नाही म्हणून विषय संपतो. हे बरोबर नाही, पंचवीस-तीस हजारांचा मामला असतो, कधी त्याच्याही वर जातो. म्हणून हे पत्रक. घरी न्या, ज्याला टॅब वापरायचाय त्याला वाचायला द्या, मग निवांत या.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. टॅबमध्ये डेस्कटॉप असावा, नक्की असावा, पण कीबोर्ड-माऊस जोडला की तो समोर यावा आणि टॅब हातात घेतला की बाजूला व्हावा. आणि दुसरी गोष्ट, जी आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते: डेस्कटॉप दिसणं वेगळं आणि तुमचं डेस्कटॉपचं सॉफ्टवेअर चालणं वेगळं. लोकांचे पैसे फुकट जातात ते या दोन गोष्टी एकच समजल्यामुळे.

डेस्कटॉप म्हणजे तुम्हाला माहिती असलेलंच, खाली पट्टी, एकावर एक उघडणाऱ्या विंडो, कोपऱ्यात बंद करायची फुली, फोल्डरमध्ये फोल्डर, राइट क्लिक. ही सगळी मांडणी टेबलाशी बसून माऊस चालवणाऱ्या माणसासाठी केलेली आहे. टॅबची मांडणी बोटासाठी असते, आणि बोट म्हणजे माऊस नव्हे.

हे किती खरं आहे ते मागच्या मार्चमध्ये दुकानातच बघितलं. वर्तकनगरच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी काका विंडोजचा टॅब बघायला आले होते, आधी कीबोर्ड नको म्हणाले, नुसता टॅब द्या, मीटिंगला हातात घेऊन जायला बरा. म्हटलं ठीक आहे, तुमचीच मेंटेनन्सची एक्सेल शीट उघडून बघा. ४८ फ्लॅट, पहिल्या ओळीत रक्कम टाकली आणि ती खालपर्यंत ओढायला गेले. सेलच्या कोपऱ्यात तो बारका चौकोन असतो ना, तोच धरून ओढायचा असतो. काकांनी बोट ठेवलं, शीटच वर सरकली. परत ठेवलं, भलतेच सेल निळे झाले. तिसऱ्यांदा बोट जरा जास्त वेळ राहिलं तर कट-कॉपीचा मेनू उघडला. मग टाइप करायला गेले तर स्क्रीनवरचा कीबोर्ड वर आला आणि ज्या ओळीत लिहायचं तीच झाकली गेली. काका थोडे ओशाळले, म्हणाले माझीच बोटं जाड आहेत. आम्ही गल्ल्याशेजारचा साधा वायरलेस माऊस त्या टॅबला जोडला, स्क्रीनवर बाण आला, काकांनी एका झटक्यात चौकोन पकडून खाली ओढला आणि ४८च्या ४८ ओळी भरल्या. तोच टॅब, तीच शीट, तोच माणूस.

काकांच्या बोटात काही दोष नव्हता, तो चौकोनच बोटासाठी बनवलेला नाही. माऊसच्या बाणाचं टोक स्क्रीनवरच्या एका ठिपक्याएवढं असतं, बोटाचा टेकणारा भाग साधारण सेंटीमीटरभर. म्हणूनच अ‍ॅप बनवणाऱ्यांसाठी अ‍ॅपलने बटण किमान ४४ पॉइंट आणि गूगलने ४८ डीपी (ही स्क्रीनवरची मापं) ठेवायला सांगितलंय, गूगलचं माप प्रत्यक्षात नऊ मिलिमीटरच्या आसपास येतं. डेस्कटॉपची बटणं त्याच्या निम्मीसुद्धा नसतात कधी कधी. शिवाय माऊसचा बाण नुसता एखाद्या गोष्टीवर नेला, क्लिक न करता, तर बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये माहितीची चिठ्ठी दिसते किंवा मेनू उघडतो. बोटाला हे जमत नाही, बोट एकतर टेकलेलं असतं नाहीतर टेकलेलं नसतं.

आता हा घोळ नवा नाहीये, कंपन्यांनी यात भरपूर ठेचा खाल्ल्यात. २००१ मध्ये बिल गेट्स यांनी सांगितलं होतं की पाच वर्षांत अमेरिकेत सगळ्यात जास्त खपणारा पीसी टॅबलेटच असेल, आणि २००२ मध्ये विंडोज एक्सपीची टॅबलेट आवृत्ती आली. पेनने चालवायची, पण मांडणी तीच डेस्कटॉपची, तीच बारकी बटणं. लोकांनी घेतलंच नाही फारसं. २०१० मध्ये आयपॅड आला तो नेमका उलटा, डेस्कटॉप नाही, फाईली कुठे ठेवल्यात तेही दिसत नाही (फाईल्सचं अ‍ॅप यायला २०१७ उजाडलं), पण लहान पोरापासून आजीपर्यंत कोणीही पहिल्या दिवशी चालवू शकलं. मग २०१२ च्या ऑक्टोबरात मायक्रोसॉफ्टने विंडोज ८ आणलं आणि ऑफिसात टेबलावर ठेवलेल्या साध्या कॉम्प्युटरलाही टॅबसारखे मोठमोठे चौकोन दिले, स्टार्टचं बटणच काढून टाकलं. मशीन बंद कुठून करायचं हे विचारायला लोक फोन करायचे. वर्षभरात ८.१ मध्ये बटण परत आलं, आणि पूर्ण स्टार्ट मेनू यायला २०१५ चं विंडोज १० लागलं.

पण आम्ही ग्राहकांना नेहमी सांगतो ती गोष्ट विंडोज आरटीची. ते पण २०१२ चंच, मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या सरफेस टॅबवर आलेलं. उघडलं की हुबेहूब विंडोज. डेस्कटॉप होता, रिसायकल बिन होता, वर्ड-एक्सेलसुद्धा होतं. फक्त बाहेरचं डेस्कटॉप सॉफ्टवेअर त्यात टाकता येत नव्हतं, एकही नाही, कारण आतली चिप वेगळ्या जातीची, मोबाईलमध्ये असते तशी, आणि मायक्रोसॉफ्टने दरवाजाही बंद ठेवलेला. दिसायला दुकान उघडं, आत माल नाही. २०१३ च्या जुलैमध्ये कंपनीने त्यापायी ९० कोटी डॉलरचा तोटा दाखवला.

आजही फसगत तशीच होते, फक्त नावं बदललीत. सॅमसंगचं डेक्स घ्या. २०१७ मध्ये फोनसाठी आलं, २०१८ च्या टॅब एस४ पासून टॅबच्या स्वतःच्या स्क्रीनवरही चालायला लागलं. खाली पट्टी, वेगवेगळ्या विंडो, सगळं कॉम्प्युटरसारखं, आणि खरंच चांगलं आहे, आम्हाला आवडतं. आयपॅडला २०२० मध्ये माऊस-ट्रॅकपॅडचा नीट सपोर्ट आला आणि २०२५ च्या आयपॅडओएस २६ मध्ये लहानमोठ्या करता येणाऱ्या विंडो आणि वरचा मेनूबारही आला. नको असेल तर ते बंद करून आयपॅड जुन्या पद्धतीने वापरता येतो, जे आम्हाला सगळ्यात योग्य वाटतं. पण या सगळ्या विंडोंच्या आत उघडतात ती मोबाईलचीच अ‍ॅप्स. डेक्समधलं एक्सेल हे अँड्रॉइडचं एक्सेल आहे, आयपॅडवरचं आयपॅडचं. तुमच्या शीटमध्ये कोणीतरी मॅक्रो बनवून दिलेला असेल, बटण दाबलं की सगळ्यांची बिलं तयार होतात असा, तर तो मॅक्रो या दोन्हीकडे चालत नाही. शीट उघडेल, आकडे दिसतील, बटण दाबलं की काही होणार नाही.

टॅलीचं तेच. टॅली हे हिशेबाचं, विंडोजवर चालणारं सॉफ्टवेअर, ते डेक्समध्ये किंवा आयपॅडमध्ये इन्स्टॉल होत नाही, स्क्रीन कितीही कॉम्प्युटरसारखी दिसली तरी. कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) असेल तर जीएसटीच्या कामाला डिजिटल सिग्नेचर लागते, ती यूएसबी टोकनमध्ये असते, आणि तिची सही पोर्टलवर करायला लागणारं सॉफ्टवेअर अँड्रॉइड टॅबवर किंवा आयपॅडवर चालत नाही. एकट्याचा धंदा असेल तर ओटीपीवर भागतं, मग टॅबच्या ब्राउझरमधूनही रिटर्न भरता येतं. म्हणजे शेजारी शेजारी दोन दुकानं, एकाला टॅब पुरेल, दुसऱ्याला नाही.

जांभळी नाक्याकडच्या एका पत्रिका छापणाऱ्या दादांनी मोठ्या हौसेने अँड्रॉइड टॅब घेतला, आमच्याकडून नाही, पण दाखवायला आमच्याकडे आणला. पंधरा वर्षांचा पत्रिकांचा मजकूर पेन ड्राइव्हमध्ये, सगळा श्रीलिपीत, म्हणजे मराठी टाइप करायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये. टॅबवर फाईल उघडली तर "श्री गणेशाय नमः"च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची रांग. ती फाईल खराब झालेली नव्हती, श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोड (कुठल्याही मशीनवर सारखी दिसणारी अक्षरं) नसतो, तो फॉन्ट मशीनमध्ये नसला की असंच दिसतं. त्यांना तो मजकूर आधी कॉम्प्युटरवर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागला. त्यांचा चेहरा अजून आठवतो, आणि घेण्याआधी कोणीतरी त्यांना हे सांगायला हवं होतं असं फार वाटतं.

मग विंडोजचाच टॅब घ्यावा का? ज्याचं काम विंडोजच्या सॉफ्टवेअरवर अडलेलंय त्याने होय, पण स्वस्तातला नको. २०१६ च्या सुमारास एका कंपनीचे २ जीबी रॅम आणि ३२ जीबी स्टोरेजचे विंडोज टॅब आम्ही विकले होते. पहिले सहा महिने ठीक गेले, मग विंडोज १० चा मोठा अपडेट आला, त्याला लागणारी जागाच टॅबमध्ये नाही, सगळं पुसून टाकलं तरी नाही, कारण निम्म्याहून जास्त जागा विंडोजनेच खाल्लेली. कंपनीने हात वर केले. आम्ही त्यातले तीन टॅब परत घेतले आणि त्यानंतर तसला माल ठेवणं बंद केलं. विंडोज ११ ला कागदावर ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेज चालतं, पण आमचं स्पष्ट सांगणं, ८ जीबी आणि २५६ जीबीच्या खाली जाऊ नका. दुसरं म्हणजे हल्ली काही विंडोज टॅबमध्ये एआरएम चिप (मोबाईलमधल्या जातीची) असते, बॅटरी मस्त टिकते, बरंचसं जुनं सॉफ्टवेअरही चालतं, पण प्रिंटरचा आणि टोकनचा ड्रायव्हर (ते जोडल्यावर चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) त्या चिपसाठीच बनवलेला लागतो. जुना बिलिंग प्रिंटर असेल तर आधी इथे आणून जोडून बघा.

आणि ज्यांना डेस्कटॉप नकोच आहे त्यांना आम्ही तो गळ्यात मारणार नाही. सकाळच्या ठाणे फास्टला एका हाताने वरची कडी धरून दुसऱ्या हातात टॅब, त्यावर काय वाचता येईल, बघता येईल, फार तर बोटाने एखादा मेसेज. तिथे चार विंडोंचा काही उपयोग नाही. पाचवी-सहावीच्या मुलांना, भजनाची वही टॅबवर ठेवणाऱ्या आजींना, साइटवर ड्रॉइंग दाखवणाऱ्या घोडबंदरच्या इंजिनियर पोरांना साधा टॅबच सोपा पडतो. तसंच स्टँडवर उभा केलेल्या टॅबच्या स्क्रीनला तास-दोन तास सतत हात वर करून बोट लावत बसलात तर खांदा भरून येतो, म्हणून टेबलावर बसून काम करायचं असेल तर कीबोर्ड-माऊस हवाच, ती चैन नाही. टॅबच्या किमतीत तेही धरा, आणि कव्हरला चिकटलेला कीबोर्ड पटत नसेल तर साधा ब्लूटूथवालाही चालतो.

एक मधला रस्ता आहे जो बऱ्याच जणांना माहीत नसतो. ऑफिसमधला कॉम्प्युटर चालू ठेवायचा आणि घरून किंवा गावाहून टॅबवर त्याचीच स्क्रीन आणायची. टॅली ऑफिसच्याच मशीनवर चालते, टॅब फक्त खिडकी. मायक्रोसॉफ्टचं रिमोट डेस्कटॉप वापरायचं तर ऑफिसच्या मशीनवर विंडोजची प्रो आवृत्ती लागते, होम चालत नाही, पण क्रोमचं रिमोट डेस्कटॉप होमवरही चालतं. वाशी मार्केटमध्ये गाळा आणि राहायला ठाण्यात अशा एका व्यापाऱ्यांना आम्ही हे बसवून दिलंय, रात्री जेवण झालं की ते टॅबला कीबोर्ड लावून दिवसाची उधारी तपासतात. गाळ्यावरची लाईट किंवा नेट गेलं की अर्थात काही चालत नाही, पासवर्डही कडक ठेवावा लागतो. पण ज्यांच्याकडे साधा टॅब आधीच आहे त्यांचा नवीन विंडोज टॅबचा खर्च यात वाचतो, त्यामुळे आम्ही आधी हेच सुचवतो, विक्री झाली नाही तरी चालेल.

तर येताना काय आणायचं. तुमची रोजच्या वापरातली एक खरी फाईल पेन ड्राइव्हमध्ये, डिजिटल सिग्नेचरचं टोकन असेल तर ते, प्रिंटरचं मॉडेल नंबरचं स्टिकर फोटो काढून, आणि जे सॉफ्टवेअर बंद पडलं तर तुमचं काम थांबेल त्याचं नाव कागदावर लिहून. अर्धा तास हाताशी ठेवून या, संध्याकाळी सहानंतर गर्दी असते म्हणून शक्यतो दुपारी. डेमोचे टॅब, कीबोर्ड, माऊस सगळं टेबलावर मांडलेलं असतं, तुमची फाईल तुम्हीच उघडून बघा, आधी बोटाने, मग माऊसने. त्याचे पैसे घेत नाही. सोमवारी दुकान बंद असतं.