‘रोजची भाकर’ : एका मागणीमागचा इतिहास

कोल्हापुरातल्या मराठी चर्चमध्ये रविवारी येशूनं शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हणताना सुरुवात उंचावर होते. स्वर्गातला बाप, त्याचं नाव, त्याचं राज्य, त्याची इच्छा. आणि मग एकदम चुलीपाशी येतो आपण : ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे.’ ऐकताना कुणाला तांबड्या रश्श्याशेजारची ज्वारीची भाकरी आठवली, तर त्यात काही बिघडत नाही. आकाश-पृथ्वी घडवणाऱ्याकडे माणसानं आजच्या जेवणाचं मागावं का, हा वाद मात्र फार जुना आहे.

वाद त्या ‘रोजची’ शब्दापासूनच सुरू होतो. ही प्रार्थना जिथे येते त्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्राच्या, मूळ ग्रीक मजकुरात इथे ‘एपिउसिओस’ असा शब्द आहे. तो बोलण्यात किंवा विद्वानांच्या लिखाणात कुठे सापडत नाही, असं तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती विद्वान ओरिगेन लिहून गेला आहे. ग्रीकच त्याची भाषा, आणि तोच अडला! चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोमनं बायबलचं लॅटिन भाषांतर सुधारताना तर कमालच केली. लूकच्या शुभवर्तमानात ‘रोजची’ ठेवलं आणि मत्तयच्या शुभवर्तमानात त्याच शब्दाचं ‘सर्व पदार्थांहून श्रेष्ठ’ असं भाषांतर केलं. म्हणजे एकीकडे पोटाची भाकर, दुसरीकडे आत्म्याची. मराठी पवित्र शास्त्रानं ‘रोजची’ धरली. माझ्या मते बरंच केलं, कारण येशूच्या यहुदी श्रोत्यांना ही मागणी ऐकून रानातला मान्ना, म्हणजे देवानं पुरवलेलं अन्न, आठवला असणार. मिसरातून (इजिप्तमधून) निघालेल्या त्यांच्या पूर्वजांना तो मान्ना रोज सकाळी गोळा करावा लागे, त्या दिवसापुरताच. उद्यासाठी राखून ठेवला की त्यात किडे पडत. शब्बाथाच्या, म्हणजे विश्रांतीच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी तेवढी दुप्पट घेण्याची मुभा होती.

भाकर ज्याच्याकडे मागायची तो देव कोणता, याची खरी लढाई मात्र त्याआधी, दुसऱ्या शतकात झाली. काळ्या समुद्राच्या काठचा, जहाजांच्या धंद्यातला मार्सियन रोमला आला आणि त्यानं देवाची वाटणीच केली. हे जग बनवणारा देव हलक्या दर्जाचा, आणि येशूचा बाप तो वेगळा, परका, पण दयाळू. इसवी सन 144 मध्ये रोमच्या ख्रिस्ती मंडळीनं त्याला बाहेर काढलं, तरी त्याचे अनुयायी पुढे कितीतरी काळ टिकले. आकर्षण समजण्यासारखं आहे. ताप, भूक, मढी, चिखल या सगळ्याची जबाबदारी आपल्या देवावरून झटकता येते ना!

त्याला उत्तर देणाऱ्यांत उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुल्यन सगळ्यात तिखट. तो मार्सियनला कुंपणावरचं एक फूल आणि रानपाखराचं एक पीस दाखवतो आणि विचारतो, हे करणारा कारागीर तुला हलका वाटतो? पुढे तर तो टोपीच उडवतो. तुझा देव दुसऱ्याच्या पाण्यात बाप्तिस्मा देतो, तू दुसऱ्याच्या जमिनीवर गुडघे टेकतोस, दुसऱ्याच्या आभाळाकडे हात पसरतोस आणि दुसऱ्याच्या भाकरीवर उपकार मानतोस! चर्चमध्ये म्हटल्या जाणाऱ्या मतांगिकाराच्या, म्हणजे श्रद्धेच्या जाहीर कबुलीच्या, पहिल्याच वाक्यात ‘उत्पन्नकर्ता’ आणि ‘पिता’ एकाच देवाला म्हटलेलं आहे. त्या जोडणीची किंमत कळायची असेल तर हे भांडण माहीत असावं लागतं.

मधली शतकं सोडून देऊ. 1529 मध्ये जर्मन धर्मसुधारक ल्यूथरनं घरोघरच्या शिकवणुकीसाठी प्रश्नोत्तरांचं छोटं पुस्तक लिहिलं. भाकर म्हणजे काय, या प्रश्नाला त्यानं जी यादी दिली ती वाचून हसू येतं आणि पटतंही : अन्नपाणी, कपडे, वहाणा, घर, शेत, गुरं, पैसा, नीट वागणारी बायको, चांगलं सरकार, चांगलं हवामान, विश्वासू शेजारी. कोल्हापुरात आलेले मिशनरी ल्यूथरचे नव्हेत, दुसरा धर्मसुधारक कॅल्व्हिन याच्या परंपरेतले. पण त्या परंपरेतल्या 1563 च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरातही पाऊस आणि अवर्षण, आरोग्य आणि आजार, सगळं योगायोगानं नव्हे तर बापाच्या हातून येतं, असं ठणकावून सांगितलं आहे.

अमेरिकन मिशनरी रॉयल गूल्ड वायल्डर 1852 मध्ये कोल्हापुरात आले. शाळांवर किती भर द्यायचा यावरून त्यांचं पुढे त्यांना पाठवणाऱ्या मायदेशातल्या मिशन बोर्डाशी वाजलं. 1870 मध्ये इथलं काम कॅल्व्हिनच्याच परंपरेतल्या प्रेस्बिटेरियन पंथाच्या बोर्डाकडे गेलं. 1889 मध्ये डॉ. विल्यम वानलेस या भागात आले आणि 1894 मध्ये मिरजेचं इस्पितळ उभं राहिलं. शाळा आणि दवाखाना ही धर्मप्रसाराची साधनं होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण शरीराची काळजी हे देवाचंच काम, असं मानणाऱ्या शिकवणीतूनच ती आली, हेही तितकंच खरं.

इथल्या मातीत ही शिकवण अगदी परकी पडली नाही. जनाबाईबरोबर जात्यावर बसणारा विठोबा ज्यांच्या घरात आहे, त्यांना देवानं पिठामिठात लक्ष घालण्याचं नवल कसलं? 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक तर आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असंच सांगत.

मात्र पाऊस बापाच्या हातून येतो म्हटलं की महापूर कुणाच्या हातून, हा प्रश्न दारात उभा राहतो. 1 नोव्हेंबर 1755 ला सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लोक देवळांत असतानाच लिस्बन भूकंपानं कोसळलं आणि युरोपभर हाच प्रश्न पेटला. ऑगस्ट 2019 मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी 43 फूट. त्या आठवड्यात घरात पाणी शिरलेल्या एका मावशी छावणीत प्रार्थना म्हणत होत्या. भाकरीच्या ओळीशी थांबल्या आणि म्हणाल्या, ‘आज तर भाकर देवळातनं आली बघा, अंबाबाईच्या मानसांनी आणून दिली.’ मग पुढची ओळ म्हटली.

कापणीच्या सणाला चर्चमध्ये वेदीपुढे भाताच्या ओंब्या, उसाची मोळी, गुळाची ढेप, पाय बांधलेला एखादा कोंबडा असं मांडलेलं असतं. उपासना संपली की त्याचा लिलाव होतो. स्वतःच आणलेला दुधी भोपळा बोली चढवत नेऊन बाजाराच्या तिप्पट दराने घरी घेऊन जाणारे काका दरवर्षी एखादे तरी असतातच.