उघड्या अंगाचं तापमान

२४ अंशांच्या खोलीत शर्ट-पँट घालून माणूस निवांत बसतो. त्याच खुर्चीत सगळे कपडे उतरवून बसला, तर थोड्याच वेळात अंगावर काटा येतो. नवखा न्यूडिस्ट, म्हणजे आवडीनं विवस्त्र राहू पाहणारा, नेमका इथे फसतो. मोकळं वाटायला हवं होतं आणि भरली हुडहुडी, म्हणून ‘आपल्याला हे मानवत नाही’ असं ठरवून तो कपडे चढवतो. त्याला न मानवलेली असते ती खोली.

स्वस्थ बसलेलं शरीर साधारण १०० वॅट उष्णता तयार करतं, आणि ती त्याच वेगानं बाहेर पडावी लागते. उघड्या अंगानं, सावलीत, वारा नसताना हा हिशोब २८ ते ३० अंशांच्या आसपास आपोआप जुळतो. घाम नको, कुडकुडणं नको. त्वचेतल्या रक्तवाहिन्या थोड्या रुंदावल्या किंवा आवळल्या की काम भागतं. उघडं राहण्यातला आराम म्हणतात तो हाच, आणि त्याचा पट्टा जेमतेम दोन-तीन अंशांचा आहे. साधे घरगुती कपडे हाच पट्टा चार-पाच अंश खाली सरकवतात.

थर्मामीटर २८ दाखवतोय आणि तरी डावा खांदा गार पडतोय, असंही होतं. अशा वेळी डावीकडे काय आहे ते पाहावं. बहुधा खिडकीची थंड काच किंवा बाहेरची भिंत असते. विवस्त्र माणसाची निम्म्याहून जास्त उष्णता हवेत न जाता प्रारणानं, म्हणजे किरणांच्या रूपात, थेट आजूबाजूच्या पृष्ठभागांकडे जाते. हीटर वाढवण्याआधी खुर्ची मीटरभर सरकवावी किंवा पडदा ओढावा. पंख्याचं काम वेगळं आहे. त्वचेलगत काही मिलिमीटर जाडीचा कोमट हवेचा थर असतो, तो पंखा उडवून लावतो. ३१ अंशांना ते सुखाचं, २६ अंशांना नकोसं.

उकाडा वाढला की घाम येतो. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. म्हणजे बसल्या माणसाची तासाभराची सगळी उष्णता काढायला १५० ग्रॅम घाम पुरतो. अट एकच, तो अंगावर वाळला पाहिजे. ओघळून खाली पडलेला थेंब फुकट गेला. कपड्यात शोषलेला घाम वाळताना उष्णतेचा काही वाटा कापडातून आणि हवेतून घेतो, अंगाच्या वाट्याला गारवा कमी येतो. फार दमट हवेत मात्र घाम नीट वाळत नाही, तिथे कपडे काढूनही फार फरक पडत नाही.

एक गैरसमज इथेच काढलेला बरा. उघडं राहिलं की घामोळं, खाज सगळं मिटतं असं सांगितलं जातं. इलास्टिकचा काच जातो, पाठ-पोट कोरडं राहतं, हे खरं. पण जांघेत, काखेत, स्तनांखाली त्वचेवर त्वचा टेकते. तिथे वारा पोचत नाही आणि मधे कापडही उरत नाही. दूरवर चालल्यावर मांड्या घासून सोलवटतात त्या यामुळेच. अंघोळीनंतर या घड्या टिपून कोरड्या कराव्यात, चालायला निघण्याआधी मांड्यांच्या आतल्या बाजूला पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवावा.

बसताना खाली टॉवेल हा न्यूडिस्ट मंडळींचा जगभरचा शिरस्ता आहे. त्यात स्वच्छता आहेच, शिवाय प्लॅस्टिकच्या खुर्चीवर घामाला वाट मिळत नाही, त्वचा भिजून मऊ पडते आणि उठताना चर्रकन ओढली जाते. टॉवेल गुडघ्यामागून पाठीपर्यंत पुरेल एवढा लांब घ्यावा.

सर्वांत जास्त चुका उन्हात होतात. सनस्क्रीनवरचा एसपीएफचा, म्हणजे उन्हापासूनच्या संरक्षणाचा, आकडा दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लेप धरून काढलेला असतो. प्रौढ माणसाची त्वचा साधारण १.७ ते १.८ चौरस मीटर, म्हणजे एका वेळेला ३५ ग्रॅम मलम. १०० ग्रॅमची ट्यूब तीनदाही पुरत नाही, आणि लेप तर दर दोन तासांनी, शिवाय पोहून आल्यावर पुन्हा लावायचा असतो. निम्मं लावलं की संरक्षणही बरंच घटतं. वर्षानुवर्षं झाकलेल्या नितंबांना, छातीला, जननेंद्रियांना उन्हाची सवय नसते. पहिल्या दिवशी तिथे दहा मिनिटं पुष्कळ झाली, तीही सकाळच्या कोवळ्या उन्हात. ‘अजून लाल कुठे झालंय?’ या भरवशावर पडून राहू नये, कारण लाली काही तासांनी उमटते आणि १२ ते २४ तासांत कळसाला पोचते. ‘ड’ जीवनसत्त्वासाठी तासन्‌तास पडून राहण्यातही अर्थ नाही. थोड्या वेळानंतर ऊन त्वचेत तयार झालेल्या, ज्यापासून हे जीवनसत्त्व बनतं त्या पूर्वद्रव्याचं निरुपयोगी रेणूंत रूपांतर करू लागतं. बंद काचेआड बसून तर हे जीवनसत्त्व तयारच होत नाही, लागणारे अतिनील-बी किरण काच अडवते.

उन्हात तापलेल्या लोखंडी बाकावर बसण्याआधी तळहात टेकवून पाहावा. ६० अंशांच्या धातूला त्वचा भाजायला पाचेक सेकंद पुरतात. स्वयंपाकघरात तळण असेल तर छातीपासून गुडघ्यापर्यंतचा जाड सुती ॲप्रन हवाच; सिंथेटिक कापड गरम तेलानं वितळून कातडीला चिकटू शकतं. पाठ उघडी राहिली तरी चालेल, तेल काही वळसा घालून उडत नाही.