चष्म्याचा नंबर काढला, पण डोळ्याची नस पाहिली का?

(सांगलीतल्या आमच्या चष्म्याच्या दुकानात येणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

चाळिशीचा चष्मा करायला येणारं गिऱ्हाईक बहुधा घाईत असतं. सुईत दोरा जात नाही, औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचता येत नाही, एवढीच तक्रार. आम्ही मशीनवर नंबर काढतो, काचा बदलून बदलून तक्ता वाचून घेतो, शेवटची ओळ आली की फ्रेम निवडायला बसवतो. यात तुमच्या डोळ्याच्या आतली नस कुणीही पाहिलेली नसते. ती पाहण्याची यंत्रं आमच्याकडे नाहीत, आणि ते काम डोळ्याच्या डॉक्टरांचं आहे. तरीही बरीच मंडळी ‘डोळे तपासून आलो’ असं घरी सांगतात. हे पत्रक त्यासाठी काढलं आहे.

काचबिंदू (ग्लॉकोमा) म्हणजे डोळ्यातून मेंदूकडे जाणारी ही नस सुकत जाण्याचा आजार. तो झालेला माणूस तक्त्याची शेवटची ओळ वाचू शकतो. आजार बराच पुढे गेला तरी वाचू शकतो. कारण यात आधी कडेची नजर जाते, मधली टिकून राहते, शिवाय एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा भरून काढतो. बहुधा दुखत नाही, लाल होत नाही. मग कधी मोटारसायकलवर बाजूनं आलेला माणूस दिसला नाही, कधी पायरी चुकली, असं होऊ लागतं आणि वय झालं म्हणून सोडून दिलं जातं. दक्षिण भारतात गावोगाव जाऊन झालेल्या पाहण्यांत काचबिंदू सापडलेल्या दहांपैकी नऊ जणांना आपल्याला तो आहे हे तोवर माहीतच नव्हतं.

मोतीबिंदूशी याची गल्लत करू नका. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं. ऑपरेशन करून नवं भिंग बसवलं की नजर परत येते. काचबिंदूत नस सुकते आणि गेलेली नजर कोणत्याही उपचारानं परत येत नाही. ‘पिकू दे, मग बघू’ हा हिशेब इथे चालत नाही.

आत काय बिघडतं?

डोळ्यात सतत एक पातळ द्रव तयार होतो आणि बुबुळाच्या कडेच्या बारीक जाळीतून बाहेर जातो. ठिबकच्या फिल्टरमध्ये गाळ साचला की मागचं प्रेशर वाढतं, तसंच इथे होतं. हा दाब मिलिमीटर पाऱ्यात मोजतात. साधारण १० ते २१ हा नेहमीचा पल्ला. वाढलेला दाब डोळ्याच्या मागच्या नसेवर पडतो. या नसेत दहा लाखांहून जास्त तंतू असतात, ते हळूहळू मरतात.

पण दाब आणि काचबिंदू एकच नव्हेत, आणि गेल्या पंचवीस-तीस वर्षांतल्या संशोधनातून कळलेली ही सगळ्यात उपयोगाची गोष्ट आहे. काहींचा दाब १५-१६ असतो तरी नस सुकत जाते. काहींचा २५ असूनही नस ठणठणीत राहते. अमेरिकेत दाब जास्त पण नस चांगली अशा १,६३६ लोकांवर मोठा अभ्यास झाला. त्याचा निष्कर्ष २००२ मध्ये आला. निम्म्यांना दाब उतरवणारे थेंब दिले, निम्म्यांना नुसतं नजरेखाली ठेवलं. पाच वर्षांत थेंब न घेणाऱ्यांपैकी ९.५ टक्के लोकांना काचबिंदू झाला, घेणाऱ्यांपैकी ४.४ टक्के. थेंबांनी धोका निम्म्यावर आला हे खरं. पण थेंब न घेतलेल्यांतही दहांपैकी नऊ जण पाच वर्षं सुरक्षित राहिले, हेही त्यातच दिसतं. म्हणून दाब थोडा जास्त निघूनही डॉक्टर ‘सध्या औषध नको, सहा महिन्यांनी या’ म्हणाले, तर ते हयगय करतायत असं समजू नका. सहा महिन्यांनी जा मात्र.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली. ज्यांचं पारपटल, म्हणजे डोळ्याची पुढची पारदर्शक काच, पातळ असतं त्यांना धोका जास्त असतो, आणि यंत्रावर त्यांचा दाब खऱ्यापेक्षा कमी दिसू शकतो. चष्मा घालवायचं लेसर ऑपरेशन ज्यांनी करून घेतलंय त्यांचं पारपटल पातळ झालेलं असतं. लग्नाआधी हे ऑपरेशन केलेली बरीच मुलं-मुली आता चाळिशीच्या चष्म्यासाठी येऊ लागली आहेत. ‘माझा नंबर गेलाय’ एवढं सांगून थांबू नका. ते ऑपरेशन झाल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा.

थेंबांचा उपयोग होतो का?

‘सहा महिने ड्रॉप घातले, काही फरक पडला नाही, म्हणून बंद केले.’ काउंटरवर हे वाक्य आम्ही फार ऐकतो. फरक जाणवणारच नाही. हे थेंब नजर वाढवत नाहीत, आहे ती राखतात. स्वीडनमध्ये नुकताच काचबिंदू सापडलेल्या २५५ जणांपैकी काहींना उपचार दिले, काहींना आजार वाढेपर्यंत दिले नाहीत. उपचार घेतलेल्यांचा दाब सरासरी २५ टक्के उतरला आणि त्यांच्यात आजार पुढे सरकण्याचं प्रमाण स्पष्टपणे कमी राहिलं. दाब एक मिलिमीटरनं उतरला की आजार वाढण्याचा धोका सुमारे दहा टक्क्यांनी कमी होतो, असा त्याचा हिशेब निघाला. दोन-तीन मिलिमीटर कमी होण्याला म्हणूनच किंमत आहे.

थेंब घालायची पद्धतही नीट हवी. एका वेळी एकच थेंब पुरे. दुसरा गालावरच येतो. घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटानं एक-दोन मिनिटं दाबून धरा. दोन वेगळी औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या. उघडलेली बाटली साधारण महिनाभरच वापरायची, उरली तरी टाकून द्यायची. दमा असेल किंवा नाडी मंद चालत असेल तर औषध लिहून घेण्याआधीच सांगा. काचबिंदूची काही औषधं अशा माणसांना चालत नाहीत.

रोजच्या थेंबांना लेसरचाही पर्याय आहे. इंग्लंडमध्ये ७१८ रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सुरुवातीलाच जाळीवर सौम्य लेसर दिलेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोकांना तीन वर्षांनंतरही थेंबांशिवाय दाब आटोक्यात ठेवता आला. प्रत्येकाला ते चालेलच असं नाही, पण डॉक्टरांना विचारायला हरकत नाही. जीवनसत्त्व बी-३ वर सध्या प्रयोग सुरू आहेत. उंदरांत आशा दिसली, माणसांतल्या चाचण्या चालू आहेत. तेवढ्यावर मेडिकलमधून गोळ्या आणून खाऊ नका. ‘नस पुन्हा जिवंत करून देतो’ असं छापणाऱ्या जाहिरातींना आमच्या मते केराची टोपली दाखवावी.

कुणी लवकर दाखवावं?

चाळिशी ओलांडलेल्या सगळ्यांनी एकदा. आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांत कुणाला काचबिंदू असेल तर नक्की आणि वरचेवर. जवळच्या रक्ताच्या नात्यात धोका कित्येक पटींनी वाढतो. मधुमेह असलेल्यांनी, डोळ्याला कधी चेंडूचा किंवा काठीचा मार बसलेल्यांनीही.

तुमच्या चष्म्याचा नंबरही थोडं सांगतो. मोठा मायनस नंबर असेल तर हळू वाढणाऱ्या काचबिंदूचा धोका जास्त. लहानपणापासून प्लस नंबर असेल तर डोळा आकारानं लहान असतो आणि द्रव बाहेर जायची वाट अरुंद असू शकते. ही वाट अचानक बंद झाली की प्रचंड डोळेदुखी, अर्धं डोकं ठणकणं, उलट्या, दिव्याभोवती रंगीत कडी दिसणं असं होतं. उलटीमुळे पित्त समजून घरात सोडा-लिंबू देत बसतात. त्याच दिवशी, रात्र असली तरी, डोळ्याच्या डॉक्टरांकडे न्या. सांगली-मिरजेत राहून यासाठी सकाळची वाट पाहायचं कारण नाही. इथे सिव्हिल आहे, मिरजेत शासकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, खाजगी डॉक्टरही पुष्कळ आहेत.

तासगाव, पलूस, कवठेमहांकाळकडच्या द्राक्षबागायतदारांना आणि मार्केट यार्डातल्या हळदीच्या धुळीत काम करणाऱ्यांना एक वेगळी विनंती. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्या सुरू झाल्या की डोळे चुरचुरतात, लाल होतात, आणि मेडिकलमधून मागच्याच वर्षीचे ड्रॉप पुन्हा आणले जातात. त्यांतल्या बऱ्याच औषधांत स्टेरॉइड असतं. पहिल्या थेंबात आराम पडतो, म्हणून हात तिकडेच जातो. महिनोन्‌महिने वापरल्यास काहींच्या डोळ्याचा दाब भलताच वाढतो आणि काचबिंदू होतो, तोही ऐन तरुणपणी. चिठ्ठीशिवाय डोळ्याचे ड्रॉप आणू नका. फवारताना गॉगल लावा. आमच्याकडूनच घ्या असं नाही, कडेनं बंद असलेला कोणताही चालेल.

योगासनं करणाऱ्यांसाठी: शीर्षासनात डोळ्याचा दाब सुमारे दुप्पट होतो, असं २००६ मध्ये चेन्नईच्या संशोधकांनी मोजून दाखवलं. काचबिंदू असेल तर ते आसन सोडा. चालणं, प्राणायाम यांना अडचण नाही.

तपासणीला जाताना

‘काचबिंदूसाठी तपासा’ असं तोंडानं सांगा, नुसतं ‘डोळे दाखवायचेत’ नको. दाब, पारपटलाची जाडी, नस आणि गरज वाटल्यास कडेच्या नजरेची फील्ड टेस्ट, असं ते काम असतं. फील्ड टेस्टला कंटाळा येतो, दिवे दिसले की बटण दाबत बसावं लागतं; पहिल्या खेपेला ती बऱ्याचदा बिघडते, त्यामुळे पुन्हा करायला सांगितली तर चिडू नका. जुने कागद टाकू नका. जुना आणि नवा रिपोर्ट शेजारी ठेवूनच आजार सरकला की थांबला ते कळतं. आम्ही दिलेलं नंबराचं कार्डही सोबत न्या.

बाहुली मोठी करायचे थेंब घातले तर काही तास जवळचं अंधुक दिसतं आणि ऊन सहन होत नाही. सोबत कुणाला तरी घेऊन जा, स्वतः गाडी चालवत येऊ नका. आणि त्या दिवशी परतताना चष्म्याचा नंबर काढायला आमच्याकडे थांबू नका. तो चुकीचा येईल. दुसऱ्या दिवशी या.